तालुक्याच्या गावातल्या तीन सरकारी शाळा : एका पालकाचे परीक्षण

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये माझ्या बदलीचा आदेश आला आणि आम्ही पुण्यातले बिऱ्हाड हलवून पुणे जिल्ह्यातीलच एका तालुक्याच्या गावी जायचे ठरवले. भाड्याचे घर चार दिवसांत मिळाले. शाळा ठरवायला मात्र तीन आठवडे लागले. थोरली मुलगी चौथी संपवून पाचवीत जाणार होती आणि धाकट्याचे पहिलीचे वय झाले होते. मुलांनी मराठी माध्यमातच शिकावे हे घरात आधीपासून ठरलेले होते, आणि अशा गावात मराठी माध्यम म्हणजे नगरपरिषदेची शाळा, जिल्हा परिषदेची शाळा किंवा पाचवीपासून पुढचे एखादे अनुदानित विद्यालय. त्यापलीकडे पर्याय नसतो. बँकेतल्या सहकाऱ्यांनी हमरस्त्यावरच्या इंग्रजी शाळेचे नाव एकमुखाने सुचवले, तिचे माहितीपत्रकही आणून दिले. ते अजून गॅसच्या पुस्तकाखाली पडून आहे.

गावाचे आणि शाळांचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. दोन शिक्षकांच्या शाळेविषयी एक वाक्य लिहिले तरी ते कोणाविषयी आहे हे साऱ्या तालुक्याला कळते, आणि ज्या उणिवा मी सांगणार आहे त्यांतील बहुतेक त्या शिक्षकांच्या हातातल्या नाहीत.

तीनही शाळा पाहताना मी दोनच गोष्टी नेमाने केल्या. पहिली म्हणजे कार्यालयात पाऊल टाकताच, आज किती शिक्षक हजर आहेत, असे विचारले. मंजूर पदे किती हे नव्हे, तर आज वर्गावर किती जण आहेत हे. दुसरी म्हणजे दुसरी-तिसरीच्या मुलांच्या वर्षभराच्या वह्या मागून घेतल्या. एप्रिल महिना यासाठी उत्तम, कारण वह्या भरत आलेल्या असतात आणि त्या आवरून ठेवायचे कोणाला सुचलेले नसते. शाळा पाहायला आलेल्या पालकाला सर्वांत आधी टीव्ही दाखवण्याची पद्धत आहे. तो पाहून घ्यावा आणि मग वह्या मागाव्यात.

नगरपरिषदेची शाळा बाजारपेठेच्या तोंडाशी आहे. जुने दगडी बांधकाम, उंच छत, भिंती इतक्या जाड की एप्रिलच्या दुपारीही आत गारवा असतो. पहिली ते सातवीचे वर्ग आहेत आणि मागे खो-खोचे असे मैदान आहे, की त्यासाठीच मुलांना तेथे घालावे असे क्षणभर वाटले. पण सात इयत्तांना त्या दिवशी हजर शिक्षक चार होते. पद रिकामे असल्याने मुख्याध्यापकपदाचा पदभार ज्येष्ठ सहशिक्षिकेकडे, म्हणजे त्यांचा अर्धा दिवस ऑनलाइन माहिती भरण्यात जाणार. डिजिटल वर्गाला कुलूप होते. किल्ली सापडेपर्यंत दहा मिनिटे गेली आणि दार उघडल्यावर टीव्हीवरचे कारखान्याचे प्लास्टिकही तसेच होते. फलकावर शाळेच्या नावाखाली 'सेमी इंग्रजी' असे ठळक रंगवलेले होते. दुसरीच्या एका मुलाने मला चौदाला 'फॉर्टी' म्हणून दाखवले आणि चाळीसलाही 'फॉर्टी'च म्हटले. चूक लहान आहे, पण ती जूनमध्ये व्हायची चूक आहे, एप्रिलमधली नव्हे.

वह्यांनी अधिक सांगितले. तिसरीच्या मराठीच्या वहीत जूनपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत प्रत्येक पानावर लाल शाईची सही आणि तारीख होती, काही ठिकाणी शुद्धलेखनाचे शब्द खाली पुन्हा लिहून घेतलेले होते. त्यानंतर सलग पंधरा-सोळा पाने कोरी नव्हती, पण तपासलेली नव्हती. मूल लिहीत गेले होते आणि 'पाणि', 'आणी' या जोडीने ठाण मांडले होते. लाल शाई पुन्हा दिसली ती डिसेंबरात. मी कारण विचारले तेव्हा बाई ओशाळल्या नाहीत, सरळ म्हणाल्या, "विधानसभा." निवडणूक २० नोव्हेंबर २०२४ रोजी झाली, त्याआधी मतदार याद्या, प्रशिक्षणे, मग मतदानाचे साहित्य, असे करत चारांपैकी तीन शिक्षक अधूनमधून बाहेर होते. निवडणुकीचे काम शिक्षकांना कायद्यानेच करावे लागते, त्यामुळे यात कोणाला दोष देता येत नाही. परंतु प्रत्येक इयत्तेला स्वतंत्र शिक्षक असलेल्या शाळेला हा धक्का झेपतो आणि चार शिक्षकांत सात इयत्ता चालवणाऱ्या शाळेला तो झेपत नाही, हे त्या वहीत तारीखवार लिहिलेले होते.

येथे थोडे हिशेबाचे बोलावे लागेल, कारण पालक म्हणून मला ते आधी कोणी सांगितले नव्हते. शिक्षणहक्क कायदा २००९ चा; तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ९० पर्यंत तीन, १२० पर्यंत चार, २०० पर्यंत पाच आणि १५० च्या वर गेल्यास स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो. शिक्षक हे इयत्तांवर नव्हे, पटावर मोजले जातात. ३० सप्टेंबरचा पट धरून संचमान्यता होते आणि पुढच्या वर्षी किती पदे राहणार हे तिच्यावर ठरते. म्हणजे गावातली पन्नास मुले हमरस्त्यावरच्या शाळेकडे वळली की नगरपरिषदेच्या शाळेतील दोन शिक्षक जातात, शिक्षक गेले की वर्ग जोडले जातात, आणि वर्ग जोडलेले पाहून आणखी वीस मुले वळतात. दगडी इमारत तेवढी पूर्वीइतकीच मोठी राहते.

दुसरी शाळा पंचायत समितीच्या जवळची जिल्हा परिषदेची केंद्रशाळा, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची मुख्य शाळा. हिचे चित्र बरोबर उलटे आहे. पट दोनशेच्या आसपास, पाचवीपर्यंत प्रत्येक इयत्तेला स्वतंत्र शिक्षक, स्वतंत्र मुख्याध्यापक, स्वच्छ आवार आणि दर्शनी भिंतीवर शिष्यवृत्तीधारकांची नावे तैलरंगात. प्रवेशासाठी येथे ओळख लावावी लागते अशी गावात समजूत आहे. ती खोटी आहे. कायद्याने प्रवेश नाकारता येत नाही आणि आम्हालाही कोणी नाकारला नाही. मात्र तिसरीच्या वर्गात सत्तेचाळीस मुले एका खोलीत बसलेली पाहिली आणि प्रमाण तीसास एक असते ते संपूर्ण शाळेच्या सरासरीत, हे लक्षात आले.

या शाळेच्या वह्या देखण्या होत्या. अक्षर सुरेख, समास आखलेला, प्रत्येक पान तपासलेले. चौथी-पाचवी वही उघडल्यावर मात्र मला संशय आला, कारण 'तुमच्या आवडत्या झाडाविषयी पाच वाक्ये लिहा' याचे उत्तर सर्व वह्यांत आंब्याचे झाड हेच होते आणि पाचही वाक्ये त्याच क्रमाने होती. मी मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन दोन मुलींना मराठीच्या पुस्तकातील एकेक पान वाचायला सांगितले. पहिलीने खणखणीत वाचले. दुसरीनेही खणखणीत म्हणून दाखवले, पण तिचे बोट तिसऱ्या ओळीवर होते आणि तोंड पाचव्या ओळीवर पोहोचले होते. पान उलटून न शिकवलेला धडा समोर ठेवला तेव्हा ती गप्प झाली. वर्गशिक्षक प्रामाणिक होते. ते म्हणाले, "मॅडम, पुढचे पंधरा जण शिष्यवृत्तीला बसतील, मधले पंचवीस नीट चालतील, मागच्या सात जणांसाठी मी सकाळी अर्धा तास लवकर येतो, पण ती मुले लवकर येत नाहीत." शाळेच्या दर्शनी भिंतीवर जे रंगवले जाते त्यासाठी मेहनत घेतली जाते, ही काही शिक्षकांची लबाडी नाही. त्या भिंतीकडे पाहूनच आपण पालक शाळा निवडतो.

तिसरी शाळा मी यादीत धरलीच नव्हती. दूध घालणाऱ्या बाबांनी सुचवले, "आमच्या वाडीची शाळा बघून या." गावापासून दोन किलोमीटरवर, ओढा ओलांडून, पहिली ते चौथीची द्विशिक्षकी शाळा. दोन खोल्या, एक व्हरांडा, एक चिंचेचे झाड आणि एका बाजूला पडलेली संरक्षक भिंत. पट एकतीस. पहिली-दुसरी एका बाईंकडे, तिसरी-चौथी गुरुजींकडे. बाईंना सगळे बाई म्हणतात, गुरुजींना मात्र तरुण असूनही गुरुजीच म्हणतात, सर कोणी म्हणत नाही.

मी गेले तेव्हा बाई दुसरीच्या मुलांना संख्या शिकवत होत्या आणि पहिलीची मुले मागे फरशीवर खडूने अक्षरे गिरवत होती. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' अशी संख्यावाचनाची पद्धत आणली तेव्हा वर्तमानपत्रांतून केवढे वादळ उठले होते ते पुष्कळांना आठवत असेल. या बाईंनी त्या वादाचा निकाल आपल्यापुरता लावलेला होता. एका मुलाने दहा-दहा मण्यांच्या पाच माळा आणि तीन सुटे मणी उचलले. बाईंनी विचारले, "काय आहे?" तो म्हणाला, "पन्नास आणि तीन." बाई म्हणाल्या, "घरी आजीला काय सांगशील?" तेव्हा साऱ्या वर्गाने एका सुरात "त्रेपन्न" असे उत्तर दिले. मग त्यांनी फळ्यावर ३५ लिहून हेच का ते, असे विचारले. दोन मुले हो म्हणाली, एक मुलगी नाही म्हणाली, आणि बाईंनी उत्तर न सांगता त्या तिघांच्या हाती मण्यांच्या माळा दिल्या. त्रेपन्न म्हणताना तीन आधी येतात आणि लिहिताना पन्नास आधी, या मराठीतल्या अडचणीत माझी थोरली तिसरीपर्यंत अडकली होती. तिच्या पुण्याच्या शाळेत तो प्रश्न 'घरी पाठांतर घ्या' या शेऱ्यावर सुटला होता.

वह्या मळलेल्या होत्या, एकीच्या मुखपृष्ठावर तर वरणाचा डाग होता. पण चुकीचा शब्द खोडून बाईंनी स्वतः दुरुस्त केलेला नव्हता. त्याला नुसता गोल केलेला, खाली मुलाने तो पुन्हा लिहिलेला, तोही चुकला असेल तर पुन्हा गोल, आणि तिसऱ्या वेळी बरोबर आल्यावर छोटीशी खूण. आवडत्या झाडांत चिंच होती, बाभूळ होती आणि एका मुलाचे आवडते झाड ऊस होते. ते झाड नव्हे, हे त्याला बाईंनी वहीतच प्रश्न विचारून समजावले होते.

आता उणिवा, कारण या शाळेचे मला कौतुक वाटले म्हणून त्या लहान होत नाहीत. गुरुजी केंद्रशाळेत बैठकीला गेले की चारही इयत्ता बाईंकडे येतात. महिन्यातून दोन-तीनदा असे होतेच. मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी होती पण नळाला पाणी नव्हते, बादलीने न्यावे लागते. संगणक आहे, तो चालतो, त्याची वीज चालत नाही. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की गावाकडची मुले येऊ शकत नाहीत. जुलैमध्ये आमच्या मुलाचे असे चार दिवस बुडाले. खेळायला सवंगडी मोजके. आणि सर्वांत मोठी उणीव म्हणजे ही शाळा दोन माणसांवर उभी आहे, आणि ती दोन्ही माणसे बदलीपात्र आहेत.

आमच्या जिल्ह्यात शिरूर तालुक्यातील वाबळेवाडी आणि खेड तालुक्यातील जालिंदरनगर या जिल्हा परिषदेच्या शाळांचे नाव सर्वांच्या तोंडी आहे. जालिंदरनगरच्या शाळेला तर २०२५ मध्ये जागतिक पातळीवरच्या स्पर्धेत लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला. सरकारी शाळेचा विषय निघाला की बँकेतही कोणीतरी ही दोन नावे घेऊन सांगतो, की मनात आणले तर होते. होते खरे. पण एकच गुरुजी, दत्तात्रय वारे, आधी वाबळेवाडीत होते आणि नंतर जालिंदरनगरला, ही गोष्ट मी त्या दोन नावांना जोडून वाचते. आपल्या गावात तसे गुरुजी आहेत का आणि ते किती वर्षे राहतील, हा प्रश्न त्यातून सुटत नाही.

पोषण आहाराविषयी थोडक्यात. पाचवीपर्यंत प्रत्येक मुलामागे १०० ग्रॅम धान्य, ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने हे प्रमाण तीनही शाळांना सारखेच आहे, आणि तीनही ठिकाणी मी चाखलेली खिचडी खाण्याजोगी होती. फरक वाढण्यात आहे. केंद्रशाळेत दोनशे मुलांची रांग उन्हात उभी राहते आणि शेवटच्या मुलाला गार भात मिळतो. वाडीवर मावशी पातेले व्हरांड्यात आणून ठेवतात, कोणी आपल्या रानातली मेथी दिली असेल तर ती त्यात पडते, आणि कोणी ताटात टाकले तर त्याच्या आईला संध्याकाळी कळते.

निर्णय घेताना माझे आणि यजमानांचे बरेच वाजले. त्यांचे म्हणणे, दोघांना एकाच शाळेत घालावे. सकाळची धावपळ वाचते. पण वाडीची शाळा चौथीलाच संपते, त्यामुळे थोरलीसाठी ती बादच होती. शेवटी आम्ही जे ठरवले ते विसंगत दिसेल. धाकट्याला वाडीच्या शाळेत घातले आणि थोरलीला त्याच केंद्रशाळेच्या पाचवीत, जिच्या वह्यांवर मी वर एवढे लिहिले आहे. कारण असे, की थोरली आधीच वाचणारी आहे. ती पहिल्या पंधरांत बसेल, शिष्यवृत्तीचा सराव तिला जड जाणार नाही आणि पाचवीला वर्षाअखेर परीक्षा घेऊन नापास करण्याची तरतूद २०२३-२४ पासून परत आल्यावर तेथील शिस्तीचा तिला उपयोगच होईल. वाचता येणाऱ्या मुलाला ती शाळा पुढे नेते. ज्याला अजून वाचायचे आहे त्याला तेथे मागच्या सातांत सरकायला वेळ लागत नाही, आणि माझा धाकटा शांत आहे. हा स्वार्थी हिशेब आहे, हे मला मान्य आहे.

एक सूचना मात्र पुण्याहून येणाऱ्या पालकांसाठी करते. थोरलीला पिंपळे जगतापच्या नवोदय विद्यालयाच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेच्या, सहावीच्या प्रवेशपरीक्षेला बसवावे असे आमच्या मनात होते. त्या ८० जागांपैकी निदान ७५ टक्के ग्रामीण भागासाठी असतात आणि त्यांत धरले जायचे असेल तर तिसरी, चौथी आणि पाचवी ही तीनही वर्षे ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली लागतात. तिची तिसरी-चौथी पुण्यात झाली, आणि नगरपरिषदेची हद्द तशीही शहरीच धरतात. आम्हाला हे अर्ज भरताना कळले.

जूनपासून आतापर्यंतचा अनुभव असा. धाकटा दिवाळीपर्यंत जोडाक्षरे सोडून बाकी वाचू लागला. पहिलीची पुस्तके २०२५-२६ मध्ये नवी आल्यामुळे बाईंनाही ती मुलांबरोबरच पहिल्यांदा शिकवावी लागली आणि एक-दोन कविता त्यांना मुळीच पसंत नाहीत, हे त्या मोकळेपणाने सांगतात. त्याला प्रवेश दिला त्या दिवशी बाईंनी हजेरीपटावर नाव लिहून "तुमचा धरून पहिलीत सात" असे समाधानाने म्हटले होते. त्या सातचा अर्थ मला नंतर कळला. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विषय २०२३ मध्ये निघाला आणि पानशेतच्या समूह शाळेचे उदाहरण पुढे केले गेले, तेव्हापासून वाडीतले लोक मुले मोजतात. यंदा चौथीतून नऊ जण बाहेर पडतील आणि वाडीत सहा वर्षांचे होणारे मिळून चार आहेत. दूध घालणारे बाबा मला अलीकडे रोज विचारतात, की बँकेत आणखी कोणाची बदली होऊन येणार आहे का आणि त्यांना केवढी मुले आहेत.

थोरलीचे केंद्रशाळेत ठीक चालले आहे. पहिल्या महिन्यात आवडत्या झाडाविषयी तिने बकुळीवर लिहिले, तर शेजारची मुलगी तिला म्हणाली, की परीक्षेत आंबाच येतो. सरांनी मात्र बकुळीला पूर्ण गुण दिले, हे येथे नोंदवणे भाग आहे. वर्गात गर्दी आहे, सराव प्रश्नपत्रिकांचा ढीग आहे आणि शनिवारी जादा तासही आहे. वाचनालयाचे कपाट तिने मागितल्यावर उघडले गेले आणि आता तिच्यामुळे दर गुरुवारी उघडते.

जूनमध्ये तिला सहावीसाठी पुन्हा शाळा बदलावी लागेल. म्हणून परवा मी गावातल्या अनुदानित विद्यालयात गेले आणि या वर्षीच्या सहावीच्या चार-पाच वह्या पाहायला मिळतील का, असे विचारले. लिपिकांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "वह्या कशाला, ताई? दहावीचा निकाल पाहा ना." त्यांनी दिलेला निकालाचा कागद मी घेतला आणि वह्यांसाठी शनिवारी सकाळची वेळ मागून आले.